औषधाला साक्षीदार हवा

कायद्याच्या व्यवहारात एक जुना दंडक आहे. जो कागद माणसाच्या पश्चात बोलावयाचा असतो, त्यावर त्याची एकट्याची सही पुरत नाही. तिला साक्षीदारांची जोड लागते. मृत्युपत्राचे जसे, तसेच आमच्या देवस्थानांच्या पेटीचे. तिच्या किल्ल्या एकाच महाजनाच्या कमरेला असू नयेत, अशी रीत आमच्या वाडवडिलांनी पुष्कळ ठिकाणी घालून दिली. कुणाच्या सचोटीविषयी संशय घेण्याचा तीत उद्देश नव्हता. सचोटीच्या माणसाच्याही हातून चूक होते, आणि ती दुसऱ्याच्या डोळ्यांना आधी दिसते, एवढे साधे शहाणपण त्या रीतीत आहे.

जमिनीची आणि द्रव्याची इतकी काळजी घेणारे आम्ही लोक, जी वस्तू थेट रक्तात जाऊन मिसळते त्या औषधाच्या बाबतीत मात्र साक्षीदार कोण, हा प्रश्न क्वचितच विचारतो. डॉक्टरांनी चिठ्ठी लिहिली, दुकानदाराने गोळ्यांची पट्टी पुढे केली, पैसे दिले-घेतले, की व्यवहार संपला असे आम्ही समजतो. वास्तविक चिठ्ठी लिहिणारा आणि औषध घेणारा यांच्यामध्ये उभा असलेला नोंदणीकृत औषधविक्रेता हा त्या व्यवहाराचा साक्षीदार आहे. नुसते पाहणारा साक्षीदार तो नव्हे. वाचून, पडताळून, शंका आल्यास हात आखडता घेणारा साक्षीदार. हे स्थान गोमंतकात कसकसे घडत आले, आणि पेडणे व डिचोली या महालांतील माणसाला त्याची गरज आज पूर्वीपेक्षा अधिक का आहे, हे सांगणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

वैद्याचा एकच हात

आमच्या वैद्यकपरंपरेत हा मधला माणूस नव्हता. रोग ओळखणारा, रानातून मुळी आणविणारा, ती सहाणेवर उगाळणारा, खलात घोटणारा, आणि पुडी बांधून अनुपान व पथ्य सांगणारा, हे सारे एकच. म्हणून त्या परंपरेने सावधगिरीचा सारा भार वैद्याच्या ज्ञानावर टाकला. चरकसंहितेच्या पहिल्याच अध्यायात असा विचार आला आहे की, नीट न जाणलेले औषध विषासारखे, शस्त्रासारखे किंवा अग्नीसारखे घातक होते, आणि तेच नीट जाणले तर अमृतासमान ठरते. वनस्पतींची नावे आणि रूपे गुराख्यांनाही ठाऊक असतात. त्यांची योजना जाणणारा तोच खरा वैद्य, हाही विचार तिथलाच.

एक द्रव्य दुसऱ्या द्रव्याचा गुण पालटते, हेही त्या शास्त्राने फार पूर्वी ओळखले होते. चरकाच्या सूत्रस्थानातील २६ व्या अध्यायात विरुद्ध आहाराचे विवेचन आहे. मासे आणि दूध एकत्र घेऊ नयेत, मध व तूप समभाग घेऊ नये, हे नियम आमच्या मासे खाणाऱ्या घरांतील आजीबाईंना ग्रंथ न वाचताही पाठ असत. अनुपानाची कल्पना ही त्याच विचाराची दुसरी बाजू होय. औषध मधातून द्यावे की तुपातून, आल्याच्या रसातून की कोमट पाण्यातून, यावर त्याचे कार्य अवलंबून राहते, असे वैद्य मानीत.

ही समजूत अगदीच निराधार नव्हती, याचा एक दाखला अलीकडचा आहे. सुंठ, मिरे आणि पिंपळी या त्रिकटूचा वैद्य सढळ हाताने उपयोग करीत. जम्मू येथील शास्त्रज्ञांनी मिरे-पिंपळीतील पिपेरीन या द्रव्याचा अभ्यास केला. क्षयावरील रिफाम्पिसिन या औषधाला त्याची जोड दिली असता ते रक्तात अधिक प्रमाणात पोचते, असे त्यांना दिसून आले. त्यातून २००९ साली जी संयुक्त गोळी बाजारात आली, तीत रिफाम्पिसिनची ४५० मिलिग्रॅमची मात्रा २०० मिलिग्रॅमवर आणली होती. पण याच दाखल्याला दुसरी धार आहे. जे द्रव्य एका औषधाचे बळ वाढविते, ते न विचारता दुसऱ्याचेही वाढविते. अपस्मारावरील फेनिटॉइनचे रक्तातील प्रमाणही पिपेरीनमुळे वाढलेले आढळले आहे, आणि फेनिटॉइन हे मात्रा थोडी चढली तरी तोल घालविणारे औषध आहे.

वैद्य एकटा होता, तोपर्यंत हे सारे एका डोक्यात राहू शकत असे. रोग्याने काय खाल्ले, कोणती मात्रा चालू आहे, घरात कोणता जुना विकार आहे, हे त्याला ठाऊक असे. त्या पद्धतीतील उणीव निराळीच होती. ते ज्ञान त्याच्यापाशीच राही; त्याने चूक केली तर ती दाखविणारा कुणी नसे, आणि तो गेला की पुष्कळदा कृतीही त्याच्याबरोबर जाई.

फिरंगी अमदानीतील पंडित

पोर्तुगेज गोव्यात आले, तेव्हा युरोपात वैद्य आणि औषधे बनविणारा हे दोन धंदे वेगळे झाले होते. तेराव्या शतकात सिसिलीचा राजा, सम्राट दुसरा फ्रेडरिक याने वैद्याने औषधविक्रेत्याशी भागीदारी करू नये असा कायदा केला होता. लिहिणाऱ्याला विक्रीत नफा नसावा आणि विकणाऱ्याने लिहू नये, हा त्यातील न्याय. गोव्यातील राजाच्या इस्पितळात ही विभागणी दिसे. फ्रेंच प्रवासी पिरार द लाव्हाल १६०८ साली तेथे रोगी म्हणून होता. त्याने त्या इस्पितळाच्या व्यवस्थेची मोठी तारीफ केली आहे. वैद्य, शस्त्रवैद्य आणि औषधे देणारे तेथे दिवसातून दोनदा रोग्यांकडे फिरत, असे त्याच्या वर्णनावरून कळते.

परंतु शहरातील माणसांचा विश्वास हिंदू वैद्यांवर होता. पोर्तुगेज त्यांना पंडित म्हणत. १५६७ च्या गोव्यातील धर्मपरिषदेने ख्रिस्ती लोकांनी अशा वैद्यांकडून उपचार घेऊ नयेत असे ठरविले. तरी १५८३ ते १५८८ या काळात गोव्यात राहिलेला डच प्रवासी लिन्सखोटेन सांगतो की, खुद्द व्हाइसरॉय, आर्चबिशप आणि मठांतील पाद्री हेही स्वदेशीय वैद्यांपेक्षा या पंडितांवरच अधिक भिस्त ठेवीत. अखेर बंदीऐवजी परीक्षा आली. १६१८ साली गोव्याच्या नगरपालिकेने असा नियम केला की, मुख्य वैद्याकडे परीक्षा दिल्यावाचून कुणी वैद्यकी करू नये, आणि हिंदू वैद्यांची संख्या तीसच्या वर जाऊ नये. संख्येची मर्यादा ही पक्षपाताची होती यात शंका नाही. पण त्याच नियमात एक योग्य तत्त्वही दडले होते: औषध देणाऱ्याची पारख दुसऱ्या कुणीतरी केलेली असली पाहिजे.

याच शहरात औषधाच्या दोन अगदी भिन्न रीती एकाच काळी नांदल्या, असे इतिहासात दिसते. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगेज वैद्य १५३४ साली गोव्यास आला. त्याचा औषधी द्रव्यांवरील संवादरूप ग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला गेला. जुन्या ग्रंथकारांनी काय लिहिले यापेक्षा बाजारात आणि बागेत प्रत्यक्ष काय दिसते, यावर त्याने भर दिला. द्रव्याचे नाव, रूप, गाव, खरे-खोटे ओळखण्याची खूण हे सारे त्याने उघड लिहून ठेवले. त्याच्या मरणानंतर, १५८० साली, धर्मन्यायसभेने त्याची हाडे उकरून जाळली. ग्रंथ मात्र उरला.

दुसरी रीत गोवा-खड्याची. सतराव्या शतकात येथील जेझुइत मठातील गास्पार आंतोनियु या इटालियन बंधूने कस्तुरी, अंबर, मोती, बेझोआर इत्यादी द्रव्यांचे गोळे तयार केले. त्यांना 'पेद्रा द गोवा' म्हणत. ते खरवडून पाण्यातून घेत, आणि विषापासून तापापर्यंत सर्वांवर ते चालतात असा त्यांचा लौकिक होता. धनिक लोक सोन्याच्या जाळीदार डब्यांत ते ठेवीत. तशा डब्या आजही परदेशच्या संग्रहालयांत पाहावयास मिळतात. कृती गुप्त, किंमत भारी, गुण सर्वव्यापी. ज्या औषधात काय आहे हे देणारा सांगत नाही, ते दुसऱ्या कशाबरोबर घ्यावे की नाही, हे घेणाऱ्याने ठरवावे तरी कसे?

कोचीतील तीन सह्या

छळाच्या त्या काळात आमच्या लोकांनी देव उचलून नदीपलीकडे नेले. दिवाडीचा सप्तकोटेश्वर डिचोली महालातील नार्वे येथे गेला, आणि त्याच्या देवळाचा जीर्णोद्धार १६६८ साली शिवाजी महाराजांनी केला. किती तरी कुटुंबे मात्र त्याहून दूर, समुद्रमार्गे कानडा आणि मलबारकडे गेली. देवांबरोबर त्यांनी वैद्यकीही नेली. कोचीस स्थायिक झालेल्या अशा गौड सारस्वत समाजात रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट हे तीन वैद्य होते.

कोचीचा डच अधिकारी व्हान रीड याने मलबारच्या वनस्पतींवर 'होर्तुस मलबारिकुस' हा बारा खंडांचा ग्रंथ सिद्ध केला. तो आम्स्टरडॅम येथे १६७८ ते १६९३ या काळात छापला गेला. इट्टी अच्युतन या केरळीय वैद्याबरोबर या तिघांनीही त्या कामी साह्य केले. ग्रंथाच्या पहिल्या खंडात त्यांचे प्रमाणपत्र आहे. ते २० एप्रिल १६७५ चे असून कोकणी भाषेत व नागरी लिपीत आहे. वनस्पती ओळखण्याचे व त्यांचे गुण सांगण्याचे काम आपण केले, असे त्यात नमूद करून तिघांनी खाली नावे घातली आहेत.

कोकणीच्या अभिमान्यांना हा कागद परिचित आहे. आम्हांस त्याचे मोल आणखी एका कारणासाठी वाटते. ही वनस्पती तीच, तिचे नाव हेच, तिचा गुण असा, हे आम्ही सांगतो आणि त्याखाली आमचे नाव घालतो, असे म्हणणारे ते तिघे औषधाचे खरे साक्षीदार होते. औषधविक्रेत्याच्या कामाची पहिली पायरी आजही तीच आहे. हातात आले ते औषध चिठ्ठीतले तेच आहे काय, एवढे तरी कुणीतरी आपल्या नावानिशी सांगितले पाहिजे.

मांद्र्याचे भाऊ दाजी

डिचोली आणि सत्तरी १७८१-८२ च्या सुमारास, आणि पेडणे १७८८ साली पोर्तुगेज अमलाखाली आले. म्हणून या मुलखाला नव्या काबिजादी असे नाव पडले. तोपर्यंत धर्मच्छळाचा जोर ओसरत चालला होता. त्यामुळे येथील देवळे, मराठी पंतोजींच्या शाळा आणि घरोघरची वैद्यकी पुष्कळ अंशी शाबूत राहिली. याच पेडणे महालातील मांद्रे गावी रामकृष्ण विठ्ठल लाड, म्हणजेच डॉ. भाऊ दाजी, यांचा १८२२ साली जन्म झाला. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातून १८५१ साली जी पहिली तुकडी पदवी घेऊन बाहेर पडली, तीत ते होते. गरिबांना त्यांनी मोफत औषधोपचार केले, प्राच्यविद्येत नाव मिळविले, मुंबईचे शेरीफपद दोनदा भूषविले. भायखळ्याच्या वस्तुसंग्रहालयाला आज त्यांचेच नाव आहे.

महारोगावर औषध शोधण्याचा त्यांनी ध्यास घेतला. कोकण-गोव्याच्या रानांत वाढणाऱ्या कडू कवठाच्या बियांचे तेल ते रोग्यांना देत, आणि पुष्कळांना त्याने उतार पडत असे. पण आपली कृती त्यांनी हयातीत जाहीर केली नाही. त्यावरून इंग्रज डॉक्टरांनी त्यांच्यावर टीकाही केली. ३१ मे १८७४ रोजी ते निवर्तले. त्या टीकेत गोऱ्या अधिकाऱ्यांचा ताठा किती आणि शास्त्र किती, हा वाद आम्ही येथे काढीत नाही. भाऊंची विद्वत्ता आणि दयाबुद्धी यांविषयी आमच्या मनात आदरच आहे. तरीही एवढे म्हटले पाहिजे की, जी कृती इतरांना वाचता येत नाही, ती इतरांना पडताळता येत नाही, आणि पडताळता आली नाही तर पुढल्या रोग्याला तिचा लाभ उशिरा होतो.

कडू कवठाच्या जातीच्याच बियांचे तेल विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जगभर महारोगावर वापरले गेले. १९४० नंतर सल्फोन औषधे आली. १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेने डॅप्सोन, रिफाम्पिसिन आणि क्लोफाझिमिन यांची संयुक्त योजना सुचविली, आणि महारोग बरा होऊ लागला. या योजनेत महिन्याकाठी द्यावयाचा रिफाम्पिसिनचा डोस आरोग्यसेवकाच्या देखत घ्यावयाचा असतो. भाऊंच्या काळी गुप्त असलेले औषध शंभर वर्षांत साक्षीदारासमोर घेण्याचे औषध झाले, हा पालट आम्हांस मोठा अर्थपूर्ण वाटतो.

कायद्याने नेमलेला साक्षीदार

गोमंतकात औषधनिर्माणाचे पद्धतशीर शिक्षण पणजीच्या वैद्यकीय शाळेबरोबर सुरू झाले. ती शाळा १८४२ साली स्थापन झाली. मुक्तीनंतर, १९६३ साली, औषधनिर्माणशास्त्राचे स्वतंत्र महाविद्यालय झाले, आणि ते आजही पणजीत आहे. भारतातील कायदेही मुक्तीनंतर येथे लागू झाले. त्यांतील मुख्य दोन: १९४० चा औषधविषयक कायदा आणि १९४८ चा फार्मसी कायदा.

या कायद्यांतील भाषा रुक्ष आहे. पण तिच्यात साक्षीदाराची सारी लक्षणे सापडतात. १९४५ च्या नियमांतील ६५ व्या नियमानुसार चिठ्ठीवरचे औषध नोंदणीकृत फार्मासिस्टने स्वतः, किंवा त्याच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली, दिले पाहिजे. चिठ्ठी लेखी असावी, तीवर डॉक्टराची सही व तारीख असावी, रोग्याचे नाव-पत्ता असावा, औषधाचे एकूण प्रमाण आणि मात्रा असावी. औषध दिल्यावर विक्रेत्याने आपले नाव, पत्ता व तारीख त्याच चिठ्ठीवर नोंदवावी. चिठ्ठीतील औषधाऐवजी दुसरे औषध आपल्या मनाने देऊ नये. २०१३ साली काही प्रतिजैविके, क्षयावरील औषधे आणि सवय लावणारी औषधे यांची 'एच-१' ही वेगळी यादी करण्यात आली. त्यांच्या विक्रीची वही तीन वर्षे जपून ठेवावी लागते.

२०१५ च्या फार्मसी व्यवसायविषयक नियमांनी तर आणखी पुढचे पाऊल टाकले. औषध देण्यापूर्वी फार्मासिस्टने चिठ्ठीचे परीक्षण करावे. मात्रा व मुदत बरोबर आहे काय, एकच औषध दोन नावांनी दोनदा आले आहे काय, एका औषधाचा दुसऱ्याशी किंवा रोग्याच्या जुन्या विकाराशी विरोध आहे काय, रोग्याला कशाचे वावडे आहे काय, हे पाहावे, असे त्यांत स्पष्ट म्हटले आहे. चरकाच्या विरुद्धविचाराला हे आजच्या काळाचे कायदेशीर रूप आहे, असे म्हणण्यास हरकत नाही.

हे कलम कागदावर राहिले तर काय होते, हे मुंबईने १९८६ साली पाहिले. जे. जे. रुग्णालयात पोटात देण्याच्या ग्लिसरॉलमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी द्रव्य मिसळलेले होते. त्याने १४ रोगी दगावले. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगापुढील चौकशीत खरेदीपासून तपासणीपर्यंतच्या साऱ्या साखळीतील दोष उजेडात आले. ती बाटली रोग्याच्या ओठाला लागण्यापूर्वी पुष्कळ हातांतून गेली होती. पण तिच्यातील द्रव्य खरोखर काय आहे, याची साक्ष कुणाचीच नव्हती.

पडताळणी कशी होते

जाणता फार्मासिस्ट चिठ्ठी हातात घेतल्यावर आधी माणसाकडे पाहतो. औषध कुणासाठी, वय काय, मूल असल्यास वजन किती, बाई गरोदर आहे काय, मूत्रपिंडाचा विकार आहे काय, हे विचारतो. मग नाव वाचतो, कारण सारख्या उच्चाराची नावे पुष्कळ आहेत. मग मात्रा पाहतो. मेथोट्रेक्सेट हे सांधेदुखीवर आठवड्यातून एकदा घ्यावयाचे औषध आहे. चुकीने ते रोज घेतले गेल्याने माणसे दगावली आहेत. चिठ्ठीवर वार लिहिलेला नसेल, तर डॉक्टरांना विचारल्यावाचून गोळ्या न देणे, हेच त्याचे कर्तव्य.

त्यानंतर विरोधाचा विचार. रक्त पातळ ठेवणारे वॉरफरिन चालू असताना अंगदुखीवर आयबुप्रोफेन किंवा ॲस्पिरिन घेतले, तर आतून रक्तस्रावाची भीती. छातीच्या कळीसाठी नायट्रेटची गोळी घेणाऱ्याने सिल्डेनाफिल घेतले, तर रक्तदाब एकाएकी खाली येतो. क्षयासाठी रोज रिफाम्पिसिन घेणाऱ्याचे यकृत इतर औषधे झपाट्याने संपवू लागते, म्हणून वॉरफरिन आणि संततिनियमनाच्या गोळ्या निष्प्रभ ठरू शकतात. टेट्रासायक्लिन दुधाबरोबर किंवा लोहाच्या गोळीबरोबर घेतले, तर ते पोटातच अडकून पडते.

मोठ्या इस्पितळांत आता संगणक असे विरोध आपोआप दाखवितो. पण संगणक बारीकसारीक गोष्टींसाठीही इतक्यांदा इशारा देतो, की सरावाने माणूस इशारे न वाचताच पुढे जातो. शिवाय जे औषध त्याला कुणी सांगितलेच नाही, त्याविषयी तो मौनच पाळणार. साक्षीदाराची जागा यंत्र घेत नाही; ते फार तर त्याची आठवण ताजी ठेवते.

नव्या काबिजादीतील आजचा प्रश्न

आता आमच्या महालांकडे वळू. पेडण्याच्या माणसाला आज उपचारासाठी अनेक दारे आहेत. गावचे आरोग्यकेंद्र आहे, म्हापशाचे जिल्हा इस्पितळ आहे, बांबोळीचे वैद्यकीय महाविद्यालय आहे. पेडणे महालातच धारगळ येथे अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेचे मोठे रुग्णालय ११ डिसेंबर २०२२ रोजी सुरू झाले. डिचोली-साखळीकडील स्थितीही थोड्याफार फरकाने तशीच. ही सारी आनंदाची गोष्ट होय. परंतु दारे वाढली, तसे एकाच माणसाच्या हाती पडणारे कागदही वाढले. एका कागदावर रक्तदाबाची गोळी, दुसऱ्यावर काढा, तिसऱ्यावर दुखण्यावरची गोळी, आणि कागदावाचून शेजाऱ्याने दिलेले झाडपाल्याचे चूर्ण. पूर्वीच्या वैद्याच्या एका डोक्यात जे सारे मावत असे, ते आज चार ठिकाणी विखुरलेले आहे.

कायद्यातही येथे एक फट आहे. आयुर्वेदिक औषधांच्या निर्मितीवर १९६४ पासून कायद्याचे नियंत्रण आहे. बचनाग, कुचला, धोत्रा, अफू यांसारख्या विषारी द्रव्यांची वेगळी यादी आहे, आणि ती असलेल्या औषधांवर सावधगिरीची सूचना छापावी लागते. पण ती विकण्यासाठी ॲलोपॅथीच्या दुकानाप्रमाणे परवाना आणि फार्मासिस्ट लागत नाही. म्हणजे ज्या औषधांचा ॲलोपॅथीच्या औषधांशी मेळ आहे की विरोध, हे पाहणे अत्यावश्यक, त्यांच्या विक्रीला कायद्याने साक्षीदारच नेमलेला नाही.

आणि विरोध तर असतो. ज्येष्ठमध घशाला चांगले; पण ते पुष्कळ दिवस घेतल्याने शरीरातील पोटॅशियम घटते, रक्तदाब चढतो, आणि हृदयविकारावरील डिगॉक्सिन घातक होऊ शकते. मेथी, गुडमार यांनी साखर उतरते. पण मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर ती नको तितकी उतरू शकते. इसबगोल निरुपद्रवी खरा. परंतु थायरॉइडच्या गोळीबरोबरच घेतला तर तिचे शोषण कमी होते. यांतील एकही वस्तू वाईट नाही. वाईट आहे ते एकाने दुसऱ्याविषयी न जाणणे.

व्रतवैकल्यांचाही यात संबंध येतो. डिचोली महालातील शिरगावच्या लईराई देवीच्या जत्रेसाठी धोंड सोवळ्याने व्रत पाळतात. त्या दिवसांत जेवणाच्या वेळा आणि पदार्थ बदलतात. एकादशीचे उपवास तर घरोघर आहेत. ग्लिमेपिराइडसारखी मधुमेहाची गोळी जेवणाला जोडून घ्यावयाची असते. जेवण गळले आणि गोळी घेतली, तर साखर एकदम उतरून माणूस बेशुद्ध पडू शकतो. व्रत सोडावे असे आमचे म्हणणे नाही. व्रताआधी डॉक्टरांना किंवा फार्मासिस्टला विचारून मात्रा आणि वेळ ठरवून घ्यावी, एवढेच. त्याने व्रताला उणेपणा येत नाही.

दोष दुकानांचाही आहे. फार्मासिस्टचे प्रमाणपत्र भिंतीवर आणि माणूस दुसरीकडे, ही तक्रार देशभर ऐकू येते. मृत्युपत्रावर गैरहजर साक्षीदाराचे नाव लिहिले तर न्यायालय ते मानीत नाही. मग गैरहजर फार्मासिस्टच्या नावावर दिलेल्या औषधाचे मोल काय? पण दोष ग्राहकांचाही आहे. दुकानदाराने प्रश्न विचारला की आम्हांला राग येतो. 'नेहमीचीच गोळी द्या' असे सांगून आम्ही घाई करतो. गावठी औषध घेतो हे डॉक्टरांना सांगण्याची लाज वाटते, आणि डॉक्टरांची गोळी चालू आहे हे वैद्याला सांगण्याची भीती. गोवा-खड्याची कृती विकणाऱ्याने लपविली होती. येथे औषध घेणाराच लपवितो.

उपाय अवघड नाही. प्रत्येक घरातील वडील माणसाच्या नावाने एक साधी वही करावी. तीत चालू असलेले प्रत्येक औषध, ते कोणी सुचविले, किती व केव्हा घ्यावयाचे, हे लिहावे. काढा, चूर्ण, तेल यांसकट. पूर्वी कशाचे वावडे उठले होते, तेही लिहावे. डॉक्टराकडे, वैद्याकडे आणि औषधाच्या दुकानात तीच वही पुढे ठेवावी. दुकानात फार्मासिस्ट कोण, हे विचारण्याचा आमचा हक्क आहे, आणि त्याच्या प्रश्नांना उत्तर देणे हे आमचे कर्तव्य आहे.

आमच्या देवस्थान समित्याही यात मोलाची मदत करू शकतील. पुष्कळ ठिकाणी उत्सवाच्या निमित्ताने आरोग्यशिबिरे भरतात. तेथे रक्तदाब मोजला जातो, साखर तपासली जाते. त्याच मांडवात एका जाणत्या फार्मासिस्टला आणि एका वैद्याला शेजारी-शेजारी बसवावे. येणाऱ्यांनी घरातील सारी औषधे पिशवीत घालून आणावीत. दोघांनी मिळून ती पाहावीत, मुदत संपलेली बाजूला काढावीत, विरोधी दिसतील ती कागदावर लिहून ज्या डॉक्टरांची चिठ्ठी असेल त्यांच्याकडे पाठवावीत, आणि खाली दोघांनीही आपली नावे घालावीत. कोचीत १६७५ साली आमच्या तिघा वैद्यांनी जे केले, त्याहून हे काम फारसे निराळे नाही. पुढल्या जत्रेपासून पेडण्यातील किंवा डिचोलीतील एखाद्या देवस्थानाने एवढा आरंभ केला, तरी ज्या वृद्धांच्या उशाशी आज चार पुड्या आणि सहा पट्ट्या पडून आहेत, त्यांच्यापैकी काहींचे प्राण त्याने वाचू शकतील.